अंगठ्यावरचं तेल

गुरुवार ही पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या कारखान्यांची सुट्टी. विजेचा भार सगळ्यांत वाटला जावा म्हणून ही पद्धत पडली आणि अनेक कंपन्यांत ती आजही टिकून आहे. त्यामुळे रविवारी सकाळी मंडळी पहिलं गीत म्हणायला उभी राहते, तेव्हा आपले कितीतरी भाऊबहिणी मशीनसमोर उभे असतात. महाळुंगे, निघोजे, कुरुळीच्या भाड्याच्या खोल्यांत चार-चार जणांनी राहणाऱ्या तरुणांचं तर आणखी अवघड. पाळी सारखी बदलते, ओव्हरटाइमला नाही म्हणता येत नाही आणि कॉन्ट्रॅक्टवर कधी ब्रेक मिळेल याचा नेम नसतो.

असा एखादा तरुण उपासनेनंतर मागे थांबतो आणि हळूच विचारतो, "पास्टर, मला प्रभूसाठी काहीतरी करायचंय. पण बारा तास कंपनीत जातात. मला बोलताही येत नाही. माझ्यावर अभिषेक नसेल का?"

हा लेख त्या तरुणासाठी आहे. घर, पाळणाघर आणि असेंब्ली लाइन अशी तिहेरी कसरत करणाऱ्या बहिणीसाठी आहे. निवृत्तीला आलेल्या, आता आपला काय उपयोग, असं वाटणाऱ्या काकांसाठीही आहे.

तेल नेमकं कुठे लावलं?

अभिषेक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजा किंवा याजक येतो, डोक्यावर तेल ओतलेला. पण लेवीय पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात एक वेगळंच दृश्य आहे. कुष्ठरोगामुळे छावणीबाहेर राहावं लागलेला एक माणूस बरा होऊन परत आला आहे. याजक त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला अर्पणाचं रक्त लावतो. मग त्याच जागी, त्या रक्तावर, तेल लावतो. हातात उरलेलं तेल त्याच्या मस्तकावर जातं.

हा माणूस राजा नाही, याजक नाही. तो आपल्या घरी, आपल्या कामधंद्याकडे परत निघाला आहे. आणि तेल लागतं ते ऐकणाऱ्या कानाला, काम करणाऱ्या हाताला, चालणाऱ्या पायाला. क्रमही पाहा. आधी रक्त, मग तेल. आधी क्षमा, मग सामर्थ्य. आपण लायक ठरलो म्हणून अभिषेक मिळत नाही. ख्रिस्ताने आपल्याला शुद्ध केलं म्हणून मिळतो.

‘ख्रिस्त’ या शब्दाचा अर्थच अभिषिक्त. प्रभू येशूने नासरेथच्या सभास्थानात यशयाची गुंडाळी उघडून आपला अभिषेक कशासाठी आहे ते सांगितलं (लूक 4). दरिद्री, बंदिवान, आंधळे आणि ठेचले गेलेले लोक, अशी त्या अभिषेकाची यादी आहे. म्हणजे अभिषेक मिळतो तो दुसऱ्याच्या भल्यासाठी. आणि योहान आपल्या पहिल्या पत्रात (2:20 आणि 27) सगळ्या विश्वासणाऱ्यांना सांगतो की पवित्र प्रभूकडून मिळालेला अभिषेक तुमच्यात आहे आणि तो तुमच्यात राहतो. त्यात पाळकांसाठी एक आणि ऑपरेटरसाठी दुसरा असा भेद नाही. तेव्हा त्या तरुणाच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं: तू ख्रिस्ताचा असशील, तर अभिषेक तुझ्यावर आहे. आता प्रश्न आहे तो कोणत्या कामासाठी आहे आणि त्यावर विसंबून जगायचं कसं, हा.

पाचारण ओळखताना

‘सेवा’ म्हणजे व्यासपीठ, माईक आणि उपदेश, ही समजूत आपण आधी बाजूला ठेवू. निर्गमच्या 31 व्या अध्यायात देव मोशेला एका माणसाचं नाव सांगतो आणि म्हणतो की याला मी माझ्या आत्म्याने भरलं आहे. त्याचं नाव बसालेल. काम काय? सोनं, चांदी आणि पितळेची कारागिरी, रत्नांना पैलू पाडणं, लाकडाचं कोरीवकाम. पुढे 35 व्या अध्यायात आणखी एक गोष्ट येते: बसालेल आणि त्याचा जोडीदार अहलियाब यांना दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही देवाने दिली होती.

आपल्या पट्ट्यासाठी हा फार मोठा दिलासा आहे. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली तेव्हापासून आकुर्डी, चिंचवड, भोसरी आणि मग चाकणपर्यंत हा सारा परिसर हातांच्या कौशल्यावर वाढला आहे. मायक्रॉनमध्ये माप धरणारा हात देवाच्या आत्म्याला परका नाही. नवीन आलेल्या ट्रेनीला न ओरडता जॉब सेट करायला शिकवणारा सीनियर बसालेलच्याच वाटेवर आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात मंडळीने सात माणसं निवडली, तीही आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण अशी. कशासाठी? विधवांना रोजचं अन्न नीट वाटलं जावं म्हणून. हिशेब आणि वाढप यांसाठीही आत्म्याने भरलेली माणसं लागतात.

मग आपलं पाचारण कसं ओळखायचं? एक वही घ्या आणि एखाद्या गुरुवारी निवांत बसून या पाच प्रश्नांची उत्तरं लिहा.

एक, कोणाचं दुःख पाहिलं की मला झोप लागत नाही? गावाहून एकटे आलेले तरुण, दारूत बुडालेला सहकारी, अभ्यासात मागे पडलेली वस्तीतली मुलं, हॉस्पिटलमध्ये डबा न मिळणारे रुग्ण. ओझं जिथे वाटतं तिथे बहुधा बोलावणं असतं.

दोन, माझ्या हाताला काय येतं? पेटी वाजवणं, दुचाकी दुरुस्त करणं, फॉर्म भरणं, स्वयंपाक, हिशेब, शांतपणे ऐकून घेणं. छोटं समजून काहीही गाळू नका.

तीन, मी काय केलं की दुसऱ्याला खरोखर आधार मिळतो? याचं उत्तर स्वतः देऊ नका. तुम्हाला ओळखणाऱ्या दोन प्रौढ विश्वासणाऱ्यांना विचारा.

चार, आज कोणतं दार उघडं आहे? दहा वर्षांनंतरचं नव्हे, या महिन्यातलं.

पाच, हे कुणीच पाहिलं नाही, कुणीच नाव घेतलं नाही, तरी मी ते करीन का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर पुढे पाऊल टाका.

नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ते आधीपासूनच कवी होते. त्यांनी आपली मराठी, आपल्या ओव्या आणि अभंगांची लय मागे टाकली नाही. तेच प्रभूच्या हाती दिलं, आणि आज मराठी मंडळ्या त्यांची गीतं गातात. हातात जे आहे ते प्रभूला द्यायचं, हाच पाचारणाचा आरंभ.

केडगावचा धडा

अभिषेकावर विसंबणं म्हणजे हात जोडून बसणं नव्हे. याचं उदाहरण शोधायला दूर जावं लागत नाही. पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे.

रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर होण्याच्या इच्छेने. कानांना कमी ऐकू येत असल्यामुळे ते दार बंद झालं. आपल्यापैकी कितीतरी जण अशा बंद दाराशी वर्षानुवर्षं बसून राहतात. त्या बसल्या नाहीत. 1889 मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. 1900 च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी मुली आल्या आणि केडगावातली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना रोज प्रार्थनेला एकत्र येण्याचं आवाहन केलं. सुरुवातीला सुमारे 70 जणी आल्या, जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या 550 वर गेली. जूनच्या अखेरीस तिथे पवित्र आत्म्याच्या कार्याने जी जागृती झाली, तिची बातमी जगभर गेली. आपण बहुतेक वेळा केडगावची गोष्ट इथेच थांबवतो. पण जागृतीच्या आधीही आणि नंतरही त्या मुली माग चालवत होत्या, कपडे शिवत होत्या, छापखान्यात खिळे जुळवत होत्या, शेतात राबत होत्या. दृष्टिहीन मुलींना ब्रेल शिकवलं जात होतं. स्वतः रमाबाई संस्कृतच्या पंडिता. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र देता यावं म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि कित्येक वर्षं अनुवादाला वाहिली. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. त्या दुःखातही काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला तेव्हा अनुवाद पुरा झाला होता.

यातून तीन गोष्टी घ्या. बंद दार म्हणजे पाचारणाचा शेवट नव्हे. प्रार्थना आणि कष्ट एकाच छपराखाली राहतात. आणि अभिषेक हा अभ्यासाला पर्याय नाही. तो अभ्यासाला बळ देतो. तुम्हाला वचन शिकवायचं असेल तर वचन वाचावं लागेल. मुलांमध्ये काम करायचं असेल तर मुलांना कसं शिकवतात ते शिकावं लागेल. आत्मा देईल तसं बोलू, असं म्हणून तयारीविना उभं राहणं म्हणजे विश्वास नव्हे, ती ऐकणाऱ्यांच्या वेळेची हेळसांड आहे.

पाळी बदलते तेव्हा

आता रोजच्या जगण्याकडे येऊ. पहाटे उठून तासभर प्रार्थना करा, हा सल्ला रात्रपाळी करून सकाळी खोलीवर परतलेल्या माणसाला लागू पडत नाही. तेव्हा घड्याळ धरू नका, पाळी धरा.

पहिली पाळी असेल तर निघण्यापूर्वी दहा मिनिटं. एक लहान शास्त्रभाग, एक प्रार्थना. बसमध्ये त्याच भागाचं मनन. दुसरी पाळी असेल तर सकाळचा निवांत वेळ तुमचा आहे. त्या आठवड्यात सलग वाचन करा, एखादं पत्र पूर्ण करा. रात्रपाळीत शरीर थकलेलं असतं. तेव्हा एकच ओळ चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा आणि जेवणाच्या सुट्टीत वाचा. मशीन चालू असताना मात्र डोळे आणि मन कामावरच. प्रेस शॉपमध्ये क्षणभराचं दुर्लक्ष बोटं घेऊन जातं, आणि सुरक्षेचे नियम पाळणं हाही देवाने दिलेल्या शरीराचा मान आहे.

शिफ्ट सुरू होताना ऑपरेटर मशीन पुसतो, तेलाची पातळी बघतो, नट-बोल्ट तपासतो. तशी आपल्या मनाची तपासणी दिवसातून एकदा करा. कुणावर राग धरला आहे का? काही लपवलं आहे का? आज कुणाला माझी गरज होती आणि मी टाळलं का? एक फरक मात्र ध्यानात ठेवा. मशीनचं तेल संपतं, योहान सांगतो तो अभिषेक राहतो. कमी होतं ते आपलं लक्ष. म्हणून तपासणी तेलाची नाही, आपल्या लक्षाची.

रविवार चुकत असेल तर गुरुवार वाया घालवू नका. एकाच भागात राहणारे, एकाच दिवशी सुट्टी असणारे तीन-चार जण शोधा. कुणाच्या तरी खोलीवर तासभर बसा. एक गीत, एक अध्याय, एकमेकांसाठी प्रार्थना, मग चहा. पाळकांना कळवून हे करा, म्हणजे मंडळीशी नाळ तुटणार नाही. पौल तंबू शिवायचा आणि अक्विल्ला व प्रिस्किल्ला त्याच धंद्यातले होते, म्हणून तो त्यांच्या घरी राहून त्यांच्याबरोबर काम करत असे (प्रेषितांची कृत्ये 18). करिंथच्या कामाची सुरुवात अशा एका कामकरी घरातून झाली.

आणि साक्ष? ती आधी हातांनी द्या. गेज न लावता चेकशीटवर टिक करू नका. रिजेक्शनचा आकडा लपवू नका. दुसऱ्याच्या चुकीचा फायदा घेऊ नका. वेळेवर या. तुमच्या हाताखाली माणसं असतील तर पदाचा वापर करून कुणावर श्रद्धेचं दडपण आणू नका. कुणी स्वतःहून विचारलं तर नम्रतेने सांगा. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता ही आत्म्याची फळं गलतीकरांच्या पत्रात दिली आहेत. ती पहिल्यांदा शेजारच्या मशीनवरच्या माणसाला दिसली पाहिजेत.

तेल आणि सिंहासन यांच्या मधली वर्षं

कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला वाट पाहणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दावीदाचं जीवन त्याच्यासाठी लिहिलं आहे. शमुवेलाने बेथलेहेमात त्याच्यावर तेल ओतलं, आणि त्यानंतर तो मेंढरांकडेच परत गेला. पुढे वीणा वाजवणं, भावांना डबा पोचवणं, गल्याथ, शौलाचा भाला, रानोमाळ भटकणं. हेब्रोनात यहूदाने त्याचा अभिषेक केला आणि सात वर्षांहून अधिक काळानंतर सगळ्या इस्राएलाने. राजा झाला तेव्हा तो 30 वर्षांचा होता. तेल आणि सिंहासन यांच्या मधल्या वर्षांत त्याने दोनदा शौलाला मारण्याची संधी सोडली. पाचारण खरं असलं तरी ते वाईट मार्गाने ओढून आणायचं नसतं, हे तो त्या वर्षांत शिकला.

तुमची मधली वर्षं चालू असतील, तर ती वाया जात आहेत असं समजू नका. आज मेंढरं राखणं हेच तुमचं आजचं पाचारण आहे.

या चुका टाळा

पहिली, घाईने नोकरी सोडणं. पूर्णवेळ सेवेचं बोलावणं खरं असू शकतं. पण आधी पाळकांशी आणि घरच्यांशी बोला, वर्षभर नोकरी सांभाळून सेवा करून पाहा, घरभाडं आणि डोक्यावरचं कर्ज यांचा प्रामाणिक हिशेब मांडा. रीतसर प्रशिक्षण घ्या. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरीसारखी संस्था आपल्या हाकेच्या अंतरावर आहे.

दुसरी, अभिषेक विकत घेणं. कुणी बाटलीतलं तेल, रुमाल किंवा खास आशीर्वाद पैशावर देत असेल, तर प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय उघडा. शिमोनाने पैसे देऊन हे सामर्थ्य मागितलं, तेव्हा पेत्राने त्याला कडक शब्दांत झिडकारलं. देवाचं दान विकाऊ नाही.

तिसरी, औषधोपचार थांबवणं. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे. डॉक्टरांची गोळी बंद करायला कुठेही सांगितलेलं नाही. प्रार्थनाही करा, उपचारही पूर्ण करा.

चौथी, अभिषेक झाला म्हणजे चूक होणारच नाही, असं समजणं. शौलही अभिषिक्त होता. त्याने आज्ञा मोडली आणि कान बंद केले, म्हणून तो पडला. तुम्हाला ‘चुकतोयस’ असं तोंडावर सांगू शकेल असा एक तरी माणूस आयुष्यात ठेवा.

पाचवी, तुलना. कुणाला गाण्याचं दान, कुणाला धीर देण्याचं, कुणाला द्रव्य देण्याचं. रोमकरांच्या पत्राचा बारावा अध्याय वाचा. शरीराला सगळेच अवयव लागतात.

बळ सरतं तेव्हा

एखादा दिवस असा येतो की काहीच जमत नाही. काम सुटलं, घरी आजारपण, मुलाची फी राहिली, मंडळीतही कुणी विचारलं नाही. बाबेलहून परतलेल्या जरुब्बाबेलासमोर असाच ढिगारा होता. देवाने जखऱ्यामार्फत त्याला कळवलं की हे काम मनुष्यबळाने होणार नाही, माझ्या आत्म्याने होईल. त्याच अध्यायात जरुब्बाबेलाच्या हातातला ओळंबाही आहे. आत्मा देवाचा, ओळंबा माणसाच्या हातात. दोन्ही मिळून मंदिर उभं राहिलं. आणि तिथेच ताकीद आहे की लहान सुरुवातीच्या दिवसाला तुच्छ मानू नका.

बंधूंनो, बहिणींनो, तुमची सुरुवात लहानच असू द्या. या गुरुवारी ती वही उघडा आणि पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. एका माणसाचं नाव निवडा, ज्याच्यासाठी तुम्ही महिनाभर रोज प्रार्थना कराल आणि काहीतरी प्रत्यक्ष कराल. आणि उद्या गेटवर हजेरीसाठी अंगठा लावाल, तेव्हा त्या क्षणी मनात एवढंच म्हणा: प्रभू, या अंगठ्यावर तुझं रक्त आहे आणि त्यावर तुझं तेल आहे, आजचं काम तुझं आहे. मग आत जा आणि ते काम मन लावून करा.